ग्रंथ आणि टेकाड : नेगेवमधील दोन स्थळांचे वाचन

इस्राएलच्या दक्षिणेकडील नेगेव या रुक्ष प्रदेशात विद्यार्थ्यांसाठी एका दिवसाची अभ्याससहल आखावयाची झाल्यास तेल बैर-शेबा व तेल अराद ही दोन स्थळे तीत अवश्य असावीत. दोहोंमधील अंतर जेमतेम तीस किलोमीटर आहे. 'तेल' म्हणजे एकाच जागी वस्तीवर वस्ती होऊन साचलेला उंचवटा. आपल्याकडे ज्याला पांढरीचे टेकाड म्हणतात, त्याच जातीचा. दोन्ही नावे जुन्या करारात येतात. त्यामुळे असा प्रवास साहजिकच तो ग्रंथ हाती घेऊन केला जातो. मात्र ग्रंथातील वचन आणि जमिनीतील थर यांची सांगड कोणत्या नियमाने घालावयाची, हा प्रश्न तेथे पदोपदी उभा राहतो. त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

तेल बैर-शेबा येथे योहानान अहारोनी यांनी १९६९ पासून १९७५ पर्यंत उत्खनन केले. तटबंदी, वर्तुळाकार रस्ता, खांबांच्या कोठारांची रांग आणि पावसाळी ओढ्याचे पाणी साठविण्याची भूमिगत व्यवस्था, असे लोहयुगातील एक नियोजनबद्ध नगर त्यातून उजेडात आले. वेशीबाहेर ६९ मीटर खोल विहीर आहे. वर्षाला सुमारे २०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या भागात विहीर म्हणजेच वस्तीचा प्राण होय. 'उत्पत्ती' या पुस्तकात अब्राहाम व इसहाक यांच्या विहिरींची कथा बैर-शेबाशी जोडलेली आहे. यामुळे वेशीबाहेरची विहीर तीच, असे म्हणण्याचा मोह पाहणाऱ्यास होतो. परंतु अब्राहामाचा म्हणून परंपरेने जो काल सांगितला जातो, त्या काळातील वस्तीचा थर या टेकाडात नाही.

एवढ्यावरून कथा खोटी ठरते काय? ठरत नाही. ती कथा नगराची नव्हे. तंबूंत राहणाऱ्या, कळप घेऊन फिरणाऱ्या माणसांची आहे. अशा माणसांच्या मुक्कामाचे थर सहसा साचत नाहीत. तेव्हा येथे थराचा अभाव कथेला बाध आणीत नाही, आणि विहिरीचे अस्तित्व तिला दुजोराही देत नाही.

अराद येथे स्थिती निराळी आहे. 'गणना' या पुस्तकात अरादच्या कनानी राजाने इस्राएल लोकांवर चाल केल्याचा उल्लेख आहे. राजा म्हटला की नगर आले, आणि नगराचे अवशेष उरावयास हवेत. तेल अराद येथे प्राचीन ताम्रपाषाणोत्तर ब्रॉंझयुगातील मोठे तटबंदीचे नगर सापडले. पण ते इ. स. पू. सुमारे २६५० मध्ये ओसाड पडले व पुढे लोहयुगापर्यंत, दीड हजार वर्षांहून अधिक काळ, तेथे वस्तीच नव्हती. येथे अभाव हा पुरावा ठरतो. म्हणूनच कनानी अराद दुसऱ्या एखाद्या टेकाडावर असावे, किंवा ते नगराचे नसून प्रदेशाचे नाव असावे, असे तर्क विद्वानांना करावे लागले. ज्या गोष्टीची खूण मागे राहणे अपरिहार्य असते, तिचाच अभाव बोलका होतो, हा यातून निघणारा नियम होय.

दुसरा नियम वेदींवरून शिकावा. १९७३ मध्ये बैर-शेबाच्या एका कोठाराच्या भिंतीत घडीव दगड आढळले. त्यांतील काहींना शिंगांसारखी टोके होती व एकावर सर्प कोरलेला होता. ते जुळविले तेव्हा एक मोठी वेदी तयार झाली. 'निर्गम' या पुस्तकात वेदी घडीव दगडांची नसावी अशी आज्ञा आहे. अरादच्या गढीतील मंदिराच्या अंगणात जी वेदी मिळाली ती मातीची व अनघड दगडांची, म्हणजे आज्ञेला धरून. बैर-शेबाची मात्र तिच्याविरुद्ध. एकाच यहूदा राज्यात दोन्ही प्रकार होते, ही गोष्ट केवळ ग्रंथ वाचून कळली नसती.

बैर-शेबाची वेदी कोणी मोडली? हिज्कीया राजाने उच्चस्थाने काढून टाकल्याचे 'दुसरे राजे' या पुस्तकात म्हटले आहे, आणि अहारोनी यांनी त्याच्याशीच तिचा संबंध जोडला. अनुमान आकर्षक आहे. तथापि दगड एवढेच सांगतात की, आठव्या शतकाच्या अखेरीस नगर जळाले त्यापूर्वी वेदी मोडून तिचे दगड भिंतीत बसविले गेले होते. मोडणाऱ्याचे नाव आपण ग्रंथातून आणतो. अरादचे मंदिर तर जाळलेले नसून मातीखाली पुरलेले आढळले, व धूपवेदी आडव्या ठेवलेल्या होत्या. हे धर्मसुधारणेचे चिन्ह की शत्रूपासून पावित्र्य राखण्याचा उपाय, याविषयी मतभेद आहेत.

ग्रंथ जेथे मौन पाळतो तेथे टेकाड पुष्कळ बोलते, हेही ध्यानात घ्यावे. अरादच्या मंदिराचा उल्लेख जुन्या करारात नाही. त्या धूपवेदींवरील काजळीच्या रासायनिक परीक्षणाचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. एकीवर ऊद व प्राण्यांची चरबी, तर दुसरीवर भांग व शेण यांचे अंश आढळले. गढीत सापडलेल्या खापरांवर शाईने लिहिलेले हिब्रू लेख आहेत. त्यांत एल्याशीब नावाच्या अधिकाऱ्याला दिलेले द्राक्षासव, पीठ व तेल यांच्या वाटपाचे हुकूम आहेत. त्यांतील एका खापराच्या मागील बाजूस न दिसलेल्या ओळी विशेष छायाचित्रणाने वाचता आल्या, हे २०१७ मध्ये जाहीर झाले. खापर उत्खननातून निघून तोवर अर्धशतक लोटले होते.

या काटेकोरपणाचे महत्त्व केवळ विद्यापीठीय नाही. बैर-शेबाच्या टेकाडालगतच तेल शेवा हे बेदुइन लोकांचे गाव आहे, आणि या भूमीवरील हक्कांच्या वादात प्राचीनतेचा दाखला वारंवार दिला जातो. अशा ठिकाणी पुराव्याला त्याच्या ताकदीपलीकडे ताणणे हा इतिहासावर व माणसांवर, दोहोंवरही अन्याय होय. यास्तव विद्यार्थ्यांनी टेकाडावर प्रथम थर पाहावेत, ते काय सांगतात व काय सांगत नाहीत याचे टिपण करावे, आणि ग्रंथ त्यानंतर उघडावा. दोन साक्षीदारांची जबानी स्वतंत्रपणे घेतली, तरच त्यांच्या एकवाक्यतेला मोल येते.