काटकुळ्यांची साखर

मधुमेह म्हणजे ढेरीवाल्या शेठजींचा रोग, असे आपल्या वस्त्यांतून अजून बोलले जाते. विरार लोकलला लोंबकळणाऱ्या काटकुळ्या माणसाला कसली आली साखर? पण नालासोपारा-वसईच्या चाळींत असेच सडपातळ रुग्ण आम्हाला भेटतात.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता-बालकांचा अभ्यास केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपल्या बाळांच्या अंगावर मांस कमी, चरबी मात्र त्या मानाने जास्त! आईला गरोदरपणी सकस अन्न मिळत नाही, त्याचा यात मोठा वाटा. अशा देहाला पुढे शहरातले बैठे काम, वडापाव आणि दिवसाला पाच गोड चहा मिळाले, की साखर चढते. उपाशी आईचे कर्ज पोटभर जेवणारा मुलगा फेडतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींवर मधुमेही आहेत. खुद्द बाबासाहेबांनाही या रोगाने छळले होते.

बंधू-भगिनींनो, तिशी उलटलेल्यांची साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. एक खाडा पडला तरी चालेल, जाऊन या. आणि गरोदर सुनेला सर्वांच्या मागून जेवायला बसवू नका.