शिक्का मारणाऱ्याचे माप

दिवाळीच्या आधीचा आठवडा म्हणजे आमच्या घरी डब्यांचा खडखडाट, भाजणीचा खमंग वास आणि माझ्यासारख्या निरुपयोगी माणसाची स्वयंपाकघरातून वारंवार होणारी हद्दपारी! गेल्या वर्षी या धामधुमीत एक नवी वस्तू घरात आली. कन्येला केक करण्याची हौस. त्या पायी तिने एक चिमुकला इलेक्ट्रॉनिक काटा मागविला. नवा काटा घरात आला की काय काय तोलून पाहावे याला सुमार राहत नाही. माझा चष्मा तोलला गेला, देवघरातली घंटा तोलली गेली, फार काय, माझे एम. ए. चे प्रमाणपत्रही तोलले गेले. ते बारा ग्रॅम भरले. चिरंजीवांच्या मते त्याचे खरे वजन तेवढेच.

मग पत्नीने सहज म्हणून वाण्याकडून आणलेली हरभऱ्याची डाळ काट्यावर ठेवली. पुडी एक किलोची. आकडा उमटला ९७८.

"अहो, हे पाहिलंत का? बावीस ग्रॅम कमी आहे."

"खेळण्यातला काटा तो. त्याचा काय भरवसा?" मी वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हटले.

"मग तुमच्या कॉलेजात वजनांची पेटी असेल ना? तपासून आणा."

गृहिणीच्या या तर्कापुढे मराठीचा प्राध्यापक काय बोलणार? दुसऱ्या दिवशी तो काटा पिशवीत घालून मी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या स्नेह्यांनी पितळी वजने एकामागून एक ठेवून पाहिली. काट्यात एका ग्रॅमचाही फरक निघाला नाही. खेळण्यातला काटा खरा ठरला!

आता संशय गेला तो दुकानातल्या काट्यावर. पण गेली वीस वर्षे आमचा किराणा याच दुकानातून येतो. शेठ मला 'सर' म्हणतात, पत्नीला 'ताई' म्हणतात, आणि संक्रांतीला तिळाची पुडी आमच्याकडून पैसे न घेता पाठवितात. अशा माणसाला 'तुम्ही मापात पाप करता का?' असे विचारायचे कसे? शेवटी मी नुसतीच डाळीची पुडी पुढे केली. शेठनी काही न बोलता फळीखालून वडिलांच्या वेळचे एक किलोचे लोखंडी वजन काढले आणि आपल्या काट्यावर ठेवले. आकडा आला १.०२०.

म्हणजे काटा किलोमागे वीस ग्रॅम फुगवून सांगत होता. शेठ मटकन पोत्यावर बसले. त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीला, लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी, चौकटीत पडताळणीचे प्रमाणपत्र लटकत होते. त्यावरची तारीख तीन आठवड्यांपूर्वीची होती.

"सर, काटा इथून हललाच नाही," ते हळूच म्हणाले. "दुरुस्तीवाला आला, पैसे घेऊन गेला. संध्याकाळी शिक्का आणि कागद घेऊन आला, तार ओवली, शिसं दाबलं आणि गेला. साहेबांचं तोंडसुद्धा मी पाहिलं नाही."

वाचकहो, या एका वाक्याने माझी दिवाळी पार बिघडवून टाकली. दुकानदार लबाडी करील ही शंका आपल्या रक्तातच आहे. आपली भाषाच पाहा ना! 'दांडी मारणे' हा प्रयोग आज तास बुडविणाऱ्या विद्यार्थ्यांच्या नावावर जमा असला, तरी तराजूची दांडी बोटाने दाबून कमी तोलणे हाही त्याचा एक जुना अर्थ आहे. 'काटा मारणे' म्हटले की आमच्याकडच्या ऊसवाल्या शेतकऱ्याला वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही. तोलणाऱ्याच्या लबाडीला इतके शब्द; पण न तोलता शिक्का मारणाऱ्याला काय म्हणावे? मी बराच आठवून पाहिला, पण मला शब्द सापडला नाही.

शब्द नसला तरी कायदा आहे, हे मला त्या आठवड्यात प्रथमच कळले. आपल्याकडे दशमान वजने १९५६ च्या कायद्याने आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. शेर, छटाक, पायली, मापटे, चिपटे ही मंडळी हळूहळू बाजारातून उठून आजीच्या फडताळात जाऊन बसली. आज चालतो तो २००९ चा वैध मापन कायदा. तो १ एप्रिल २०११ पासून अमलात आला. त्याच्या ४३ व्या कलमात स्पष्ट लिहिले गेले की, अधिकाऱ्याने जाणूनबुजून नियमाविरुद्ध वजन-माप पडताळले किंवा त्यावर शिक्का मारला, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सरकारमान्य खासगी चाचणी केंद्राच्या माणसांसाठीही तशीच शिक्षा ३७ व्या कलमात घातली. त्याआधीचे ४२ वे कलम नेमके उलट्या अपराधाचे आहे. सबळ कारण नाही हे ठाऊक असूनही जो अधिकारी दुकानाची झडती घेतो, वजने जप्त करतो, त्यालाही तीच शिक्षा.

कायदा लिहिणाऱ्याने हे दोन अपराध वेगवेगळे मांडले. बाजारात मात्र ती एकाच तराजूची दोन पारडी आहेत. मी शेठना म्हटले, "आपण तक्रार करू." त्यांनी चक्क हात जोडले.

"सर, एवढं करू नका. उद्या ते दुकानात आले, तर पाकिटांवरचा छाप बघतील, तारीख बघतील, किंमत बघतील, काही ना काही काढतीलच. वरची फळी त्यांना वाचायची नसते, तोवरच बरं."

म्हणजे झडतीच्या भीतीने खोट्या शिक्क्यावरचे तोंड बंद होते! ४२ व्या कलमातला अपराध प्रत्यक्ष घडावाही लागत नाही. तो घडेल या नुसत्या धास्तीवर ४३ व्या कलमातला अपराध सुखाने नांदतो. शिवाय ज्याचे खरे नुकसान होते त्याला पत्ताच नसतो. आमच्या गल्लीत घरकाम करणाऱ्या बायका रोज पाव-पाव किलोने डाळ नेतात. पावकिलोमागे पाच ग्रॅम गेले म्हणून कोणती बाई कोणत्या कचेरीत जाणार?

पैशांचा मुद्दा तर आणखी अवघड. शेठनी सरकारी फीच्या वर काहीतरी दिले होते. किती, ते मी विचारले नाही. लाचलुचपत प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून लाच देणाराही गुन्हेगार. जबरदस्तीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांच्या आत कळविले तरच सुटका. इथे सात दिवस केव्हाच उलटून गेले होते. पकडला जाणारा पहिला माणूस पोत्यावर बसलेलाच होता.

या विषयाचा नाद लागल्यावर मी जुने ग्रंथही चाळले. खोड जात नाही! कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांचा 'पौतवाध्यक्ष' आहे. दर चार महिन्यांनी मापांवर शिक्का, बिनशिक्क्याच्या मापाला सव्वासत्तावीस पण दंड, अशी चोख व्यवस्था. आणि याच कौटिल्याने दुसरीकडे सरकारी माणसांच्या अपहाराचे चाळीस प्रकार मोजून ठेवले आहेत. नेमणूक आणि अविश्वास हे दोन्ही त्याने एकाच पुस्तकात लिहिले, याचे मला फार कौतुक वाटले.

पण तक्रार करायची तर पुरावा काय? 'जाणूनबुजून' हा शब्द वाचायला सोपा, सिद्ध करायला महाकठीण. अधिकारी सहज म्हणेल, "मी तपासला तेव्हा बरोबर होता, नंतर बिघडला." इथे पदार्थविज्ञानाच्या स्नेह्यांनी वाट दाखविली. पाच-पाच ग्रॅमने मोजणाऱ्या दुकानी काट्याला एका किलोवर पडताळणीच्या वेळी अडीच ग्रॅमची आणि वापरात असताना पाच ग्रॅमची सूट असते. वीस ग्रॅम म्हणजे चौपट. शिवाय नीट तपासायचे म्हणजे वजन मध्यभागी ठेवायचे, चारी कोपऱ्यांवर ठेवायचे, पुन्हा पुन्हा ठेवायचे, हलक्यापासून भारीपर्यंत चढत जायचे आणि उतरायचे.

"एका काट्याला पाव तास तरी हवाच," ते म्हणाले. "त्या दिवशी त्या गृहस्थांनी किती प्रमाणपत्रे लिहिली ते मोजा. तासांना भागा. साक्षीदार लागणारच नाही."

किती साधी गोष्ट! दप्तरच बोलते. मात्र ते उघडून भागाकार करणारा कोणीतरी हवा. आणि शिक्का मारलेल्यांतले चार-दोन काटे दुसऱ्या अधिकाऱ्याने न कळविता पुन्हा तपासायला हवेत. एरवी या अधिकाऱ्यांच्या स्वतःच्या वजनांचीही ठरलेल्या मुदतीने तपासणी होते. ती त्यांच्याहून वरच्या वजनांशी, ती आणखी वरच्यांशी ताडली जातात, आणि ही साखळी थेट दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. वजनावर वजन आहे. माणसावर मात्र बहुधा नुसता विश्वास.

मी लगेच तक्रार लिहिली असे वाचकांना वाटेल. तसे झाले नाही. चार दिवस मी टाळाटाळ केली, आणि त्याचे कारण सांगितल्यावाचून हा लेख खरा होणार नाही. काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात मी विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकांचा मॉडरेटर होतो. परीक्षकाने तपासलेल्या गठ्ठ्यातल्या ठराविक उत्तरपत्रिका मी पुन्हा वाचायच्या आणि वेगळ्या शाईने सही करायची, असे ते काम. शेवटच्या दिवशी संध्याकाळच्या गाडीचे तिकीट खिशात होते. उरलेल्या दोन गठ्ठ्यांवर मी न उघडताच सह्या ठोकल्या. कोणाचे दोन गुण गेले, कोणाचे वर्ष गेले, मला माहीत नाही. त्यांनाही माहीत नाही. ही गोष्ट मी पत्नीलाही सांगितली नव्हती. त्या रात्री सांगितली. ती काही बोलली नाही, थोड्या वेळाने एवढेच म्हणाली, "मग शेठजींचं पत्र तुम्हीच लिहा."

शेठनी तो काटा त्याच दिवशी फळीवरून उतरवून ठेवला होता आणि पाव्हण्यांच्या दुकानातून दुसरा आणून काम चालविले होते. त्यांनाही बहुधा झोप लागली नसावी. "दुकानावर वडिलांचं नाव आहे, सर. लिहा," ते म्हणाले. पत्रात मी पैशांचा उल्लेख केला नाही. जे दाखविता येईल तेवढेच लिहिले. प्रमाणपत्राचा क्रमांक, तारीख, काट्यातली चूक, आणि दुसऱ्या अधिकाऱ्याने शेठसमक्ष फेरतपासणी करावी ही विनंती. ते वरिष्ठांच्या कचेरीत नेऊन दिले आणि पोच घेतली. पोच घेताना कारकुनाने माझ्याकडे पाहिले, ते मला अजून आठवते.

जानेवारीत दुसरे अधिकारी आले. तरुण होते, सोबत वजनांची पेटी होती. त्यांनी अर्धा तास शांतपणे काटा तपासला, चूक लिहिली आणि दुरुस्ती होईपर्यंत तो वापरायचा नाही असे बजावले. चुकीचा काटा वापरल्याबद्दल शेठना तडजोडीची रक्कम भरावी लागली, कारण काटा त्यांचा, दुकान त्यांचे. आधीच्या अधिकाऱ्यासंबंधी मला पत्र आले: 'खुलासा मागविण्यात आला आहे.' जूनमध्ये मी स्मरणपत्र पाठविले. उत्तर आले: 'खुलासा मागविण्यात आला आहे.' आता तिसरे पत्र मी आणखी वरच्या कचेरीला लिहिले आहे, आणि त्यात भागाकाराचा हिशेब घातला आहे.

शेठ हल्ली रोज सकाळी दुकान उघडल्यावर ते जुने लोखंडी वजन गिऱ्हाइकांदेखत काट्यावर ठेवतात, आकडा दाखवितात आणि मग पहिली पुडी बांधतात. परवा दिवाळीचा किराणा आणायला गेलो, तेव्हा त्यांनी ते वजन उलटे करून माझ्या हातात दिले. बुडाला शिशाची टिकली, तिच्यावर बारीक अक्षरांत तिमाहीचे अक्षर आणि वर्ष.

"याची दोन वर्षांची मुदत डिसेंबरात संपते, सर," ते म्हणाले. "शिक्क्याला पाठवायचं आहे."

"कुणाकडे?"

"त्याच साहेबांकडे. आपला विभाग अजून त्यांच्याकडेच आहे."