पालवी फुटली म्हणजे झाड रुजलं असं नाही

ऊन, वारा आणि अपुरी माती यांमुळे निसर्गातच खुरटलेलं झाड मुळांसकट काढून बोन्सायसाठी वाढवणं, याला जपानी परंपरेत ‘यामादोरी’ (रानातून झाड मिळवणं) म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी डोंगर चढावा लागत नाही. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बियांमुळे जुन्या भिंतींत, गच्चीच्या कोपऱ्यांत वड, पिंपळ, उंबर उगवतात. मालकाला विचारून ते काढता येतात. राखीव वनातून परवानगीशिवाय झाड उपटणं मात्र भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार गुन्हा आहे.

भिंतीतून झाड काढताना बहुतेक तंतुमुळं (पाणी शोषणारी बारीक मुळं) आतच तुटून राहतात. तरीही काही आठवड्यांत खोडावर तांबूस पालवी फुटते. ती पाहून झाड रुजलं असं वाटणं स्वाभाविक आहे. मग ते लगेच उथळ ट्रेमध्ये बसवलं जातं. पण ही पालवी खोडात साठलेल्या अन्नावरही फुटू शकते. नवी मुळं धरण्याआधी तो साठा संपला, तर पानं माना टाकतात.

मोठ्या दुखण्यातून उठलेल्या माणसाला आपण आधी पेज देतो, पंचपक्वान्नं नाही. झाडाचंही तसंच. पावसाळ्याच्या तोंडावर ते काढावं. विटांचे तुकडे आणि जाड रेती घातलेल्या, निचरा होणाऱ्या मिश्रणात, खोल कुंडीत लावून सावलीत ठेवावं. खत, तार, छाटणी सध्या नको. कुंडीच्या तळच्या भोकातून कोवळी पांढरी मुळं डोकावू लागली, की झाड रुजलं असं समजावं. ट्रेचा विचार पुढच्या वर्षी करावा.