वाढते वय, श्रम आणि हृदयाची क्षमता

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. शेती, बांधकाम, हमाली यांसारख्या असंघटित क्षेत्रांतील श्रमिकांना निवृत्तीचे निश्चित वय नसते. त्यामुळे उतारवयात हृदय श्रमाला कसा प्रतिसाद देते, हा प्रश्न केवळ वैद्यकशास्त्रापुरता मर्यादित राहत नाही.

वयोमानाने होणारे बदल

श्रम करताना स्नायूंना अधिक प्राणवायू लागतो. तो पुरविण्यासाठी हृदय ठोक्यांची गती वाढविते आणि प्रत्येक ठोक्यागणिक अधिक रक्त बाहेर टाकते. विश्रांतीच्या अवस्थेतील गती वयानुसार फारशी बदलत नाही. कमाल गती मात्र घटते. २००१ मध्ये मांडण्यात आलेल्या सूत्रानुसार वयाला ०.७ ने गुणून येणारी संख्या २०८ मधून वजा केल्यास ही गती मिळते. विसाव्या वर्षी ती मिनिटाला १९४, तर साठाव्या वर्षी १६६ येते. ही सरासरी असून व्यक्तिपरत्वे फरक आढळतो.

ॲड्रेनॅलिनसारख्या संप्रेरकांना हृदयाचा मिळणारा प्रतिसाद मंदावणे, हे या घटीचे एक प्रमुख कारण होय. शिवाय धमन्या ताठर होतात, डाव्या निलयाची भित्तिका जाड होते आणि ते रक्ताने भरण्याचा वेग कमी होतो.

बैठी जीवनशैली असणाऱ्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दर दशकात सुमारे १० टक्क्यांनी घटते. या दराने, तिसाव्या वर्षी क्षमतेचा ५० टक्के भाग व्यापणारे काम साठाव्या वर्षी सुमारे ६९ टक्के भाग व्यापते. काम तेच राहते. त्याची शारीरिक किंमत वाढते.

वय की निष्क्रियता?

ही सर्व घट वयामुळेच होते असे नाही. १९६६ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पूर्ण अंथरुणावर ठेवण्यात आले. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तीन दशकांच्या वयोवृद्धीपेक्षा त्या तीन आठवड्यांनीच त्यांची क्षमता अधिक घटविली होती, असे दिसून आले. सहा महिन्यांच्या व्यायामाने वयोमानाने झालेली घट भरून निघाली. मात्र हा लाभ मुख्यतः स्नायूंच्या प्राणवायू शोषून घेण्याच्या शक्तीतून झाला. हृदयाची कमाल गती पूर्ववत झाली नाही. पाच व्यक्तींवरील प्रयोगाच्या मर्यादा अर्थातच लक्षात घ्याव्या लागतात.

व्यायाम केव्हा सुरू होतो, यालाही महत्त्व आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४५ ते ६४ वयोगटातील बैठी जीवनशैली असणाऱ्यांनी दोन वर्षे नियमित व्यायाम केल्यावर हृदयाचा ताठरपणा कमी झाला. ६५ वर्षांनंतर वर्षभर व्यायाम करणाऱ्यांत असा बदल आढळला नव्हता; त्यांची कार्यक्षमता मात्र सुधारली होती.

धोरणात्मक अर्थ

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. ज्येष्ठांनी त्यास तोल सांभाळण्याच्या व्यायामाची जोड द्यावी. भारतात २०१०-११ पासून ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम राबविण्यात आला, तर २०१९ मध्ये 'फिट इंडिया' चळवळ सुरू झाली. टाळता येण्याजोगी घट रोखावयाची, तर असे प्रयत्न मध्यमवयापासूनच व्हावयास हवेत. जी घट टाळता येत नाही, तिची दखल ज्येष्ठ श्रमिकांच्या कामाच्या मापात आणि विश्रांतीच्या वेळेत घेतली जाणे, हे तितकेच आवश्यक आहे.