पत्ता तोच, घर नवे!

१ ऑगस्ट २०१४ रोजी डहाणू तालुक्यातील सरावली गावाचा पत्ता बदलला. एकही घर हलले नाही, एकही झाड जागचे सरकले नाही. पण पाकिटावर 'जिल्हा ठाणे' याऐवजी 'जिल्हा पालघर' असे लिहावे लागू लागले. ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा राज्यातील ३६ वा जिल्हा त्या दिवशी अस्तित्वात आला. टपालाला याची फारशी झळ लागण्याचे कारण नव्हते. छाननी होते पिनकोडवरून, आणि ४०१ ने सुरू होणारा तो आकडा कायम होता. (हा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतज्ञ मराठी अधिकाऱ्याने केली, हे जाता जाता सांगून ठेवतो.)

विद्यार्थिमित्रांनो, आज आपल्याला याच्या अगदी उलट प्रकार पाहायचा आहे. घर हलते, पण पत्ता मुळीच बदलत नाही! केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांच्या ई-मेलच्या पेट्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या व्यवस्थेतून झोहो या भारतीय कंपनीच्या व्यवस्थेत हलवल्याचे २०२५ साली जाहीर झाले. पत्त्याच्या शेवटचे 'गव्ह डॉट इन' मात्र तसेच राहिले. हे कसे साधते?

ई-मेलच्या पत्त्यात मध्ये ते वाटोळे चिन्ह असते ना, त्याच्या डावीकडे माणसाचे नाव आणि उजवीकडे संस्थेचे, म्हणजे डोमेनचे. पत्र पाठवणारा सर्व्हर डावीकडे पाहतच नाही. तो इंटरनेटच्या नामसूचीला विचारतो, "या डोमेनचे टपाल कोण घेते?" सूचीत त्यासाठी एक खास नोंद असते, तिला एमएक्स नोंद म्हणतात. तीत टपाल घेणाऱ्या सर्व्हरचे नाव मिळते. ही एक नोंद बदलली की जगभरचे टपाल नव्या दाराशी येऊ लागते.

पण लगेच नव्हे! प्रत्येक वेळी सूची चाळायला नको म्हणून विचारणारे संगणक मिळालेले उत्तर काही काळ लक्षात ठेवतात. ही मुदत पुष्कळदा ८६,४०० सेकंद, म्हणजे बरोबर एक दिवस असते. तेवढा वेळ काहींची पत्रे जुन्या घरी, तर काहींची नव्या घरी जातात. म्हणून जाणता व्यवस्थापक स्थलांतराच्या दोनतीन दिवस आधीच ही मुदत ३०० सेकंदांवर आणून ठेवतो.

आता सामान हलवण्याचा हिशेब करू. समजा, एका संस्थेत २,००० पेट्या आहेत आणि प्रत्येकीत सरासरी ५ गिगाबाइट पत्रे. एकूण १०,००० गिगाबाइट. बिटांत सांगायचे तर ८ च्या पुढे १३ शून्ये. सेकंदाला १०० मेगाबिट वाहून नेणारी जोडणी असेल, तर लागतील ८ लाख सेकंद, म्हणजे सव्वानऊ दिवस! एवढे दिवस टपाल बंद कोण ठेवील? जुन्या पेटीत नवी पत्रे येतच राहणार. तेव्हा पहिली खेप संपली की दुसरी खेप करायची, फक्त मधल्या काळात आलेल्या पत्रांची. ती साठ्याच्या एक शतांश असतील, तर दुसऱ्या खेपेला ८,००० सेकंद पुरतात, म्हणजे सव्वादोन तास. तिसरीला ८० सेकंद. चौथी तर एका सेकंदाच्या आत! भूमिती श्रेढी वर्गात रुक्ष वाटते, येथे ती चांगली उपयोगी पडते. प्रत्येक पत्रावर त्याची स्वतःची अशी एक ओळखखूण असते. नकलणारा प्रोग्रॅम ती ताडून पाहतो, नाहीतर दर खेपेला त्याच पत्रांच्या नकला साचतील.

पत्रे, कप्पे, 'वाचले' अशा खुणा, हे सारे जाते. पासवर्ड मात्र नेता येईलच असे नाही. सर्व्हर खुद्द पासवर्ड साठवत नाही, त्याचे एका गणिती रीतीने केलेले चूर्ण साठवतो, आणि पिठापासून पुन्हा गहू करता येत नाही. नव्या सर्व्हरची दळण्याची रीत वेगळी असली, की सर्वांना नवा पासवर्ड घ्यावा लागतो.

नवा सर्व्हर तासभर बंद पडला तरी भिण्याचे कारण नाही. पाठवणारा सर्व्हर पत्र टाकून देत नाही. थांबून थांबून पुन्हा प्रयत्न करतो, साधारणपणे चारपाच दिवस. खरा धोका बंद दाराचा नाही, उघड्या दाराचा आहे.

आमच्या महाविद्यालयाच्या पेट्या हलवल्या तेव्हाची गोष्ट. रविवारी नोंद बदलली. बुधवारी दुपारी सरावलीहून येणारा एक विद्यार्थी माझ्याकडे आला. "सर, शिष्यवृत्तीच्या कागदांचं पत्र अजून आलंच नाही. उद्या शेवटची तारीख आहे."

कार्यालयातले भाऊ म्हणाले, "अहो, मी सोमवारीच पाठवलंय!" दोघेही खरे बोलत होते. कार्यालयातला संगणक अजून जुन्याच सर्व्हरच्या हाती टपाल देत होता. आणि जुन्या सर्व्हरच्या यादीत आमचे डोमेन 'आपले घरचे' म्हणून तसेच राहिले होते. घरच्या पत्राला नामसूची कशाला विचारायची? त्याने ते मुकाट्याने जुन्या पेटीत टाकले, आणि पोचल्याची पावतीही दिली. ती पेटी आता कोणी उघडत नव्हते. शेवटची खेप तर रविवारीच होऊन गेलेली!

जुनी पेटी उघडली, तेव्हा त्यात त्या एकट्याचे नव्हे, तर ४१ जणांची पत्रे निघाली. सहा वाजेपर्यंत ती नव्या पेट्यांत नेली आणि कार्यालयातल्या संगणकावर नव्या सर्व्हरचे नाव घातले. गुरुवारी सकाळी त्याने कागद भरले. जुना सर्व्हर आम्ही त्यानंतर महिनाभर चालू ठेवला आणि रोज सकाळी त्याच्या पेट्या उघडून पाहत होतो. सतराव्या दिवशी आणखी एक पत्र निघाले, ग्रंथालयातल्या संगणकाचे. त्याच्याकडे कोणाचे लक्षच गेले नव्हते.