माळव्याच्या काळ्या खडकाखालचा समुद्र

उज्जैन म्हटले की महाकाल, शिप्रा आणि सिंहस्थ आठवतो. समुद्र आठवत नाही. तरीही या नगरीच्या नैर्ऋत्येस, धार जिल्ह्यातील बाग परिसरात, शिंपल्यांचे अवशेष आणि शार्कचे दात जपणारे खडक आहेत. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या खोऱ्यातून समुद्राचा एक फाटा इतका आत शिरला होता.

त्या युगात सागरांवर सरपटणाऱ्या प्राण्यांचे राज्य होते. त्यांचे पूर्वज मात्र जमिनीवरचे. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या महासंहारानंतर ओस पडलेल्या समुद्रात त्यांच्या काही शाखा स्थिरावल्या. त्यांपैकी इक्थिओसॉरच्या पायांची वल्ही झाली, शरीर माशासारखे निमुळते झाले; श्वास मात्र हवेतूनच राहिला. कवचाच्या अंड्यातील गर्भ पाण्यात गुदमरतो, म्हणून हे प्राणी थेट पिलांना जन्म देत. पोटात पिले असलेल्या माद्यांचे जीवाश्मच त्याची साक्ष देतात. याउलट, धार जिल्ह्यात डायनासोरांची ९२ घरटी आणि २५६ अंडी सापडल्याचे संशोधन २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. घरटी करायला जमीन हवी. इक्थिओसॉरने ती कायमची सोडली होती.

भारतात असा जवळजवळ संपूर्ण सांगाडा कच्छमधील लोडाई गावाजवळ मिळाला. दिल्ली विद्यापीठाचे गुंटुपल्ली प्रसाद व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा हा प्राणी साडेपाच मीटर लांबीचा असावा. दिसायला तो डॉल्फिनसारखा. पण डॉल्फिन हा सस्तन प्राणी. त्याची शेपटी वर-खाली हलते, इक्थिओसॉरची माशाप्रमाणे डावी-उजवीकडे हले. नाते दूरचे, तरी एकाच पाण्याने दोघांना एकच आकार दिला.

सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी इक्थिओसॉर संपले. पुढे घोरपड व साप यांच्या गोतावळ्यातील मोसासॉर समुद्राचे धनी झाले. तेही ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनासोरांबरोबर नाहीसे झाले. मेक्सिकोजवळ आदळलेली उल्का हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. दख्खनच्या ज्वालामुखींचा त्यात वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. त्याच लाव्हाचा थिजलेला काळा खडक माळव्याच्या पठारावर पसरला आहे. उज्जैनची कसदार काळी माती त्यातूनच तयार झाली.