उपाशी मेंदूचं इंधन

एकादशीच्या सकाळी कढईत तूप-जिऱ्याची फोडणी पडते, साबुदाण्यावर दाण्याचं कूट भुरभुरतं आणि घरचा उपास सुरू होतो. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च; शरीराच्या लेखी तो दिवस जेवणाचाच.

याउलट ‘इंटरमिटंट फास्टिंग’चा, म्हणजे ठरावीक काळ उपाशी राहण्याचा, हिशेब घड्याळावर चालतो. शेवटच्या घासानंतर साधारण १० ते १२ तासांनी यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा संपत येतो. मग चरबी कामाला येते आणि यकृत तिच्यापासून कीटोन तयार करतं. वजनात जेमतेम २ टक्के, पण शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा फस्त करणारा मेंदू हे इंधनही चालवून घेतो.

अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ मार्क मॅटसन यांच्या गटाने २००३ मध्ये उंदरांना दिवसाआड उपाशी ठेवलं. त्यांचं एकूण खाणं फारसं घटलं नाही, तरी स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी विषारी द्रव्यापुढे जास्त टिकल्या.

माणसांचं काय?

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात इन्सुलिनला नीट दाद न देणारे ४० वजनदार ज्येष्ठ होते. काहींनी आठवड्यातले दोन दिवस प्रत्येकी फक्त ४८० कॅलरी घेतल्या, बाकीच्यांनी रोज सकस आहार. आठ आठवड्यांनी फायदा दोन्ही गटांना दिसला. उपासवाल्यांची स्मरणशक्ती थोडी अधिक सुधारली. अर्थात, एवढ्यावरून डिमेन्शिया टळतो असं म्हणता येत नाही. शिवाय इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर उपाशीपोटी एकदम उतरू शकते, म्हणून त्यांनी आधी डॉक्टरांना विचारायला हवं.